अंगावरून पाणी जातंय



या सदरात एरवी मी मोबाइलवरची फसवणूक, आधारचा पत्ता, शेताची पहाणी ऑनलाइन कशी काढायची असलंच काहीबाही लिहिते. या महिन्याचा विषय वेगळा आहे. बायकांचा आहे, म्हणून पुरुष वाचकांनी पान पुढं सरकवू नये. आपल्या भागात दवाखान्याला न्यायचं कधी, पैसे भरायचे किती आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करायची का, हे अजून बऱ्याच घरांत तेच ठरवतात.

विषय असा : लघवी आपोआप, थेंबथेंब किंवा धारेनं, दिवसरात्र गळत राहणं. खोकल्यावर, शिंकल्यावर, जड हंडा उचलल्यावर चार थेंब जातात ते हे नव्हे. ते पुष्कळ बायकांना होतं आणि त्याचं कारण वेगळं, उपायही वेगळा. मी म्हणते ते उभं असताना, बसल्यावर, झोपेत, कधीच न थांबणारं. लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामध्ये एक पातळ भिंत असते. तिला छिद्र पडलं की लघवी तिच्या नेहमीच्या वाटेनं न जाता त्या छिद्रातून खाली झरत राहते. डॉक्टर याला व्हेसिकोव्हजायनल फिस्टुला म्हणतात, थोडक्यात व्हीव्हीएफ. मराठीत याला घरोघरी चालणारं नाव मी तरी ऐकलेलं नाही. आणि नाव नसणं हीच अर्धी अडचण आहे, हे मला आमच्या नात्यातल्या एका मावशीमुळं कळलं.

मावशी मंठाळच्याच बाजूची. नाव लिहित नाही, तिनंच सांगितलंय, "लिही की, पण माझं नाव नगं." वय चाळिशीच्या आत. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली आणि तिथं पिशवी काढायला सांगितली. काढली. घरी आल्यावर दहाएक दिवसांनी कपडे ओले व्हायला लागले. विचारायला गेली तर उत्तर मिळालं, अशक्तपणा आहे, हळूहळू बरं होईल. ती दोन वर्षं वाट बघत राहिली.

मी सुट्टीला गावी गेले होते. माझ्याकडं घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट वाचायचं काम असतं. बीई केलं म्हणजे इंग्रजी येतं आणि इंग्रजी येतं म्हणजे डॉक्टरकीतलंही कळत असेल, असा आमच्याकडं हिशेब आहे. मावशीनं पिशवीतून कागदांचं भेंडोळं काढलं. दोन वर्षांत ती तीन दवाखाने फिरली होती, आणि तिन्ही ठिकाणच्या चिठ्ठ्यांवर एकच तक्रार लिहिलेली : व्हाइट डिस्चार्ज. म्हणजे पांढरं जाणं. गोळ्या त्याच्याच.

मी तिला विचारलं, "तू डॉक्टरला नक्की काय सांगितलंस?"

"अंगावरून पाणी जातंय म्हणून सांगितलं."

आता बघा. ती मराठीत "अंगावरून पाणी जातं" म्हणते. समोरची नर्स कन्नड बोलणारी. ती डॉक्टरला आपल्या भाषेत सांगते, आणि "अंगावरून जाणं" म्हटलं की कुणाच्याही डोक्यात पांढरं किंवा लालच येतं. लघवी हा शब्द मावशीनं एकदाही उच्चारला नव्हता. चारचौघांत कसा उच्चारायचा? मग मी सरळ विचारलं. वास कसला येतो? "लघवीचाच." झोपेतही जातं? "झोपेत काय नि उभ्यानं काय, सारखंच." लघवीला जावंसं वाटतं का? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी येड्यासारखं विचारलंय. "आत राहिलं तर जावं वाटंल ना, माय."

दोन वर्षं ती कशी राहिली ते ऐकताना मला खाली बघावं लागलं. जुन्या लुगड्यांच्या घड्या, त्या पहाटे उठून कुणी बघायच्या आत धुवायच्या. अंथरुणात युरियाच्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक. ते काकांनी आणून दिलेलं. लग्नाला नाही, हळदीकुंकवाला नाही, देवळात नाही. कल्याणला जायचं तरी बसनं नाही, कारण सीट ओली झाली तर? सगळ्यांत वाईट म्हणजे तिनं पाणी पिणं सोडलं होतं. कमी प्यायलं तर कमी गळेल, असा तिचा हिशेब. उलट पाणी कमी झालं की लघवी जास्त उग्र होते, मांड्यांची कातडी जळते, सोलवटते, वास वाढतो, खडेही होऊ शकतात. या दुखण्यातल्या बहुतेक बायका हेच करतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

हे छिद्र पडतं कसं? जुनी आणि जगभरची वाट बाळंतपणाची. मूल अडलं, आणि दोन-दोन दिवस अडूनच राहिलं, की त्याचं डोकं आईच्या पुढच्या हाडावर लघवीची पिशवी दाबून धरतं. दाबलेल्या जागेचं रक्त थांबतं, तेवढा भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. तिथं छिद्र राहतं. मूल बहुतेक वेळा आधीच गेलेलं असतं. कोवळ्या वयात लग्न, अंगानं लहान पोर, घरीच बाळंतपण आणि दवाखाना लांब, हे सगळं जुळून आलं की हे होणारच. आमच्या आजीच्या तोंडून मी एका बाईची गोष्ट ऐकली होती. पहिलं मूल गेलं, नंतर "तिचं कपडं कधी वाळलं न्हाईत", आणि सासरच्यांनी बैलगाडीत घालून माहेरी आणून सोडलं. आजीच्या गोष्टीत तो देवीचा कोप होता.

आशाताई आल्या, कर्नाटकात २००८ पासून १०८ ची गाडी आली, दवाखान्यात बाळंत होणं ही रीतच झाली. आपल्याकडं ती वाट पुष्कळ अरुंद झाली आहे. पण दुसरी उघडली : गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेची. आपण दोन्हींना "पिशवी"च म्हणतो, म्हणून नीट सांगते. लघवीची पिशवी गर्भपिशवीच्या अगदी पुढं, तिला चिकटून असते. गर्भपिशवी काढताना ती अलगद सोडवून खाली सरकवावी लागते. आधी सिझेरियन झालं असेल तर दोन्ही घट्ट चिकटलेल्या असतात. सोडवताना चीर गेली आणि लक्षात आली नाही, किंवा टाका चुकून लघवीच्या पिशवीतून गेला, किंवा रक्त थांबवताना चटका बसला, तर ती जागा आठवड्या-दोन आठवड्यांनी सुटते. म्हणून बाई घरी जाताना चांगली असते आणि गळती घरी सुरू होते. हे हजार शस्त्रक्रियांत साधारण एखाद्या वेळी होतं, कॅन्सरच्या मोठ्या शस्त्रक्रियांत त्याहून जास्त. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होऊ शकतं. पण झालं हे ओळखायला तर हवं. लवकर ओळखलं आणि छिद्र लहान असलं, तर काही आठवडे लघवीची नळी ठेवून पिशवी सतत रिकामी ठेवली की काही जणींचं छिद्र आपोआप भरून येतं. मावशीची ती संधी "अशक्तपणा" या एका शब्दात गेली.

पुढं आम्ही तिला एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं. लघवीच्या विकारांचे डॉक्टर, म्हणजे युरॉलॉजिस्ट, तिथं होते. तपासणी इतकी साधी की मला आश्चर्य वाटलं. योनीमार्गात एकावर एक तीन कापसाचे बोळे ठेवतात आणि नळीतून लघवीच्या पिशवीत निळं औषध सोडतात. मग बाईला थोडं चालवतात आणि बोळे काढून बघतात. मधला निळा झाला तर छिद्र पिशवीला. फक्त खालचा निळा तर गळती लघवीच्या वाटेतून. वरचा ओला पण निळा नाही, म्हणजे मूत्रपिंडाकडून येणारी नळीच फाटली आहे, तिचं ऑपरेशन वेगळं. आमच्या धंद्यात लाखांची सॉफ्टवेअर वापरून चूक नक्की कोणत्या ओळीत आहे ते शोधतात. इथं तीन बोळ्यांत काम झालं. नंतर दुर्बिणीनं आत बघितलं आणि दोन्ही मूत्रनळ्या शाबूत आहेत ना याचं स्कॅन केलं. हे दोन्ही हवंच.

मावशीचा मधला बोळा निळा निघाला. तो तिला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे भोक हाय. मला वाटलं मीच ढिली झाले."

शस्त्रक्रिया खालून, म्हणजे योनीमार्गातूनही करता येते आणि पोट उघडूनही. छिद्र कुठं आहे, केवढं आहे, कशानं झालंय यावर ते ठरतं. तत्त्व मात्र एकच. फाटक्या कापडाला नुसतं ओढून टाके घातले तर ते पुन्हा उसवतं. म्हणून आधी छिद्राच्या कडा आजूबाजूनं मोकळ्या करतात, म्हणजे ताण राहत नाही. मग लघवीची पिशवी वेगळी शिवतात, पाणी अडेल अशी. योनीची भिंत वेगळी शिवतात. गरज वाटली तर दोन्हींच्या मध्ये बाजूच्या चरबीचा किंवा पोटातल्या पडद्याचा जिवंत तुकडा आणून ठेवतात. त्याच्यामुळं तिथं रक्तपुरवठा येतो आणि एकावर एक टाके येत नाहीत. शेवटी टेबलावरच पुन्हा निळं औषध सोडून गळतंय का बघतात. अनुभवी हातांत पहिल्याच वेळी दहापैकी आठ-नऊ जणी बऱ्या होतात. पहिली फसली की दुसरी अवघड होते, कारण तोवर तिथं नुसता व्रणच उरलेला असतो. म्हणून पहिल्यांदाच, अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्याकडं जावं. "आमच्याकडं पण होतं" म्हणणाऱ्या प्रत्येकाकडं नको.

या हातांच्या कौशल्याचा इतिहास फार सुखाचा नाही. १८४५ ते १८४९ या काळात अमेरिकेतल्या अलाबामात मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरनं हे टाके घालायची रीत बसवली ती गुलाम बायकांवर. ॲनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही त्यातली तीन नावं कळतात. एकट्या ॲनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, भूल न देता, आणि नको म्हणायची तिला सोयच नव्हती. शेवटी चांदीच्या तारेचे टाके टिकले आणि सिम्सचं नाव झालं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला. याच विद्येची दुसरी गोष्ट इथिओपियातली. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे डॉक्टर नवरा-बायको १९५९ मध्ये अदिस अबाबाला आले आणि १९७४ मध्ये त्यांनी फक्त या दुखण्यासाठी रुग्णालय काढलं. तिथं ममितू गाशे नावाची खेड्यातली एक पोर रुग्ण म्हणून आली होती, लिहिता-वाचता न येणारी. बरी झाल्यावर ती तिथंच राहिली, आधी चादरी बदलायला, मग शस्त्रक्रियेत हाताखाली, आणि पुढं स्वतः टाके घालायला. शिकायला येणाऱ्या डॉक्टरांनाही ती दाखवायची. मला ही गोष्ट मावशीला सांगायची होती. सांगितली तर ती म्हणाली, "शिवणाला काय, हात लागतोय."

मावशीचं ऑपरेशन कंबरेतून भूल देऊन झालं. खरी परीक्षा त्यानंतरची. तीन आठवडे नळी, आणि ती एक तासभरही तुंबता कामा नये. तुंबली की पिशवी फुगते आणि ओल्या टाक्यांवर ताण येतो. म्हणून आता पाणी भरपूर प्यायचं होतं, आणि दोन वर्षांची सवय मोडून तिला पाणी पाजणं हेच आमचं मोठं काम. काकांनी तुरीच्या हिशेबाची वही आणली होती. तिच्यात किती वाजता किती लघवी पिशवीत जमली ते ते लिहायचे, एका बाजूला आडत आणि हमाली, दुसऱ्या बाजूला मिली. एका रात्री दोनच्या सुमाराला आकडा पुढं सरकेना. त्यांनी नर्सला उठवलं. नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. तिनं पाणी सोडून मोकळी केली. काका दहावी नापास आहेत आणि त्या वॉर्डातली सगळ्यांत व्यवस्थित नोंद त्यांची होती, हे मी नाही, तिथल्या सिस्टरनं सांगितलं.

एकविसाव्या दिवशी नळी काढली. दुपारी मावशी मला हळूच म्हणाली, "लघवीला लागलीया ग." संडासापर्यंत ती भिंत धरून गेली आणि कोरडीच पोचली.

पुढं तीन महिने नवरा-बायकोनं जवळ यायचं नाही, जड उचलायचं नाही, असं सांगितलं. (हे पहिलं सांगताना डॉक्टर माझ्याकडं बघत होते आणि मी काकांकडं न बघता भाषांतर केलं.) अडलेल्या बाळंतपणामुळं छिद्र पडलेली बाई बरी झाली आणि पुन्हा दिवस गेले, तर पुढचं बाळंतपण सिझेरियननंच व्हायला हवं, तेही आधीपासून ठरवून.

आता जे मला खरं बोलायचंय ते. मावशीची पिशवी काढायची गरज होती का? तिच्या कागदांत गाठ नाही, कॅन्सरची तपासणी नाही, आधी औषध देऊन बघितल्याची नोंद नाही. आणि ती एकटी नाही. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात लंबाणी तांड्यांवरच्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं २०१५ मध्ये बाहेर आलं. आरोग्य खात्याच्या चौकशीत काही मोजक्या खासगी दवाखान्यांत दोन हजारांवर अशी ऑपरेशनं सापडली, त्यातल्या निम्म्या बायका चाळिशीच्या आतल्या. गेल्या होत्या कंबर दुखते, पांढरं जातं म्हणून. भीती घातली कॅन्सरची. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीनं ऊसतोडणीच्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम दंड लावतो, म्हणून "कटकटच नको" असं कित्येकींनी स्वतःच ठरवलेलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरांत तीन बायकांची पिशवी काढलेली निघाली. आपल्याला लागून असलेल्या तेलंगणात जवळजवळ आठ. यातल्या फार थोड्या बायकांना गळती लागते. पण ज्या ऑपरेशनची गरजच नव्हती त्यात हजारात एक हा धोका तरी का घ्यायचा?

पांढरं जाणं हे बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. कंबरदुखीचा पिशवीशी बऱ्याचदा काही संबंध नसतो. पिशवी काढायला सांगितलं तर नक्की काय निघालंय, औषधावर का भागत नाही, कॅन्सरसाठी पिशवीच्या तोंडाची तपासणी केली का, हे विचारा आणि सरकारी दवाखान्यातल्या किंवा दुसऱ्या एखाद्या डॉक्टरचं मत घ्या. विचारल्यावर चिडणारा डॉक्टर असेल तर तो दवाखाना सोडायला ते कारण पुरेसं आहे, असं माझं मत.

आणि कुणाच्या घरात अशी गळती असेल तर डॉक्टरांना "पाणी जातं" म्हणू नका. "लघवी गळते, झोपेतही गळते, अमुक ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणानंतर इतक्या दिवसांनी सुरू झाली" असं सांगा. तोंडानं सांगायला लाज वाटत असेल तर हे एवढं वाक्य कागदावर लिहून पुढं करा. कन्नड डॉक्टर असेल तर गावातल्या शाळकरी पोरांकडून कन्नडमध्ये लिहून घ्या. आपल्या पोरांना दोन्ही येतं.

खर्चाचं म्हणाल तर कर्नाटकातल्या बीपीएल कार्डवाल्यांना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. ती न घेता थेट मोठ्या रुग्णालयात गेलात तर हेलपाटा पडतो. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या १२ तालुक्यांच्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. यादीत आपलं गाव आहे का ते सोलापूर, लातूरकडं जाण्यापूर्वी बघून घ्या.

शेवटचं माझ्या नेहमीच्या विषयातलं. मावशीच्या पहिल्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद सापडत नव्हता, आणि आत नक्की काय केलंय ते नव्या डॉक्टरांना त्याच्यावरूनच कळणार होतं. रुग्णानं किंवा त्याच्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी देणं डॉक्टरला बंधनकारक आहे. तोंडी मागू नका, अर्ज लिहून त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मिळालेल्या प्रत्येक कागदाचा उजेडात फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा. आमच्याकडं एक प्रत माझ्या फोनमध्ये आहे आणि दुसरी काकांच्या. त्यांनी ती "तूर" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे.